तराईचं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे असं माझी बायको सगळ्यांना सांगते. ती हे का सांगत फिरते, याचाही मला संशय आहे. दुकानदार वजन करायला लागला की मी मालाकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघतो. कुणी जरा जास्त गोड बोललं की हात आपोआप खिशाकडे जातो. आता वय झालं, ही सवय सुटायची नाही. पण या सवयीपायी एका माणसाचं मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हा स्वभाव मी मुदखेडहून आणला. वडील रेल्वेत खलाशी होते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरात शिकून साहेबाच्या खुर्चीवर बसणारा मी पहिला. ओव्हरसियर म्हणून नेमणुकीचा हुकूम आला त्या दिवशी आईनं गल्लीत साखर वाटली. वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या हातून चुकलं तं लोक चूक म्हनतेत. आपल्या मानसाच्या हातून चुकलं तं 'तरी म्हनलंच होतं' म्हनतेत. डोळ्यानं बघितल्याशिवाय सही करू नको." ते वाक्य मी गाठीला बांधलं आणि लातूरला हजर झालो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. 'कानामागून आली अन् तिखट झाली' असं उस्मानाबादकडचे लोक कुजकटपणे म्हणायचे, आणि लातूरकरांना ते ऐकून आनंदच व्हायचा. कचेऱ्या भाड्याच्या जागांत होत्या. एका खात्याचं दप्तर तर सरकीच्या गोदामात थाटलं होतं, फायलींना तेलकट वास यायचा. त्यामुळे इमारती उभ्या करायची घाई होती. आणि नेमका त्याच वर्षी पाऊस गेला. विहिरींनी तळ दाखवला, गावाला टँकर लागले. सिमेंट आम्हाला मिळत होतं, लोखंड मिळत होतं, पाणी मिळत नव्हतं. पाण्याशिवाय काँक्रीट म्हणजे नुसती वाळू आणि खडी.

गावाबाहेर काळ्या रानात एका कचेरीचं काम माझ्याकडे आलं. माझं मुख्य काम सेंट्रिंग तपासायचं. स्लॅब सगळ्यांना दिसतो, पण तो टाकायच्या आधी खालून बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभ्या कराव्या लागतात, त्यांच्यावर फळ्या अंथराव्या लागतात, बल्ल्यांच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकून सगळं घट्ट करावं लागतं. काँक्रीट पडलं की पुढचे तीन आठवडे सगळा भार त्या बल्ल्यांवर. त्या हलल्या तर वरचं सगळं खाली. म्हणून नियम पुष्कळ होते. बल्ल्या किती अंतरावर, कडेला दोरी, फळीत उलटे खिळे नकोत, स्लॅबखाली कुणी राहायचं नाही. मी रोज वही घेऊन फिरायचो आणि रोज वही भरायची. माणसं अनवाणी फळ्यांवर चालायची. खात्यानं डोक्यावर घालायला चार टोप्या दिल्या होत्या, त्यातल्या एकीत मी चुना कालवलेला पाहिला.

सेंट्रिंगचं काम घेतलेला गुत्तेदार उदगीरकडचा होता. पन्नाशी ओलांडलेला, सडसडीत, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. वयानं माझ्या वडिलांएवढा. तोंडानं मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, मनात मात्र अरेतुरे चालायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण फळी कुठं सूतभर खाली आहे ते तो लांबून सांगायचा. आपल्या माणसांशी कानडीत बोलायचा आणि माझ्याशी मराठीत. मी जवळ आलो आणि कानडी सुरू झाली की ते माझ्याबद्दलच आहे, याविषयी मला शंका नसायची. मी काहीही बजावलं तरी त्याचं उत्तर एकच, "हाव साहेब." त्या 'साहेब'मध्ये मला कधी कुचेष्टा ऐकू यायची, कधी जात. खरं काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

बल्ल्या पळवल्या जातात, दुसऱ्या कामावर नेल्या जातात, असं मी ऐकून होतो. म्हणून मी प्रत्येक बल्लीवर गेरूनं आकडा टाकला. गुत्तेदारानं ते पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडं बैलाला बी एवढं डागत न्हाईत साहेब." त्याची माणसं हसली. मी हसलो नाही.

स्लॅब पडायच्या आधी एक गोष्ट मात्र मला दिसत होती. बल्ल्या नुसत्या काळ्या मातीवर उभ्या होत्या. खरं तर आधी जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारून तो दाबायचा आणि त्यावर बल्ल्या उभ्या करायच्या. पण मुरूम दाबायला पाणी कुठून आणायचं? उपअभियंता साहेब म्हणाले, "बल्ल्यांखाली फळ्यांचे तुकडे टाका आणि उरका. भराव नंतर करू." मी मातीवर बूट आपटून पाहिला. उन्हानं ती अशी कडक झाली होती की पहार शिरत नव्हती. मी तपासणीच्या वहीत 'ठीक' लिहून सही केली. माणसांवर संशय घेण्यात मी इतका गुंतलो होतो की मातीवर घ्यायचा राहून गेला.

नारळ फुटला, स्लॅब पडला. दुसऱ्या दिवशी वर मातीचे बांध घालून वाफे केले आणि सकाळच्या टँकरनं ते भरले. याला आमच्याकडं तराई म्हणतात. काँक्रीट पाण्यात राहिलं तरच पक्कं होतं. मी शिडीवरून चढून वाफ्यात काडी बुडवून पाणी मोजायचो. सकाळी चार बोटं, संध्याकाळी दोन. ऊन कितीही असलं तरी इतकं पाणी आटेल, हे मला पटेना.

चौथ्या दिवशी पाणी कुठं जातंय ते मला सापडलं. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. स्लॅबच्या फटींतून थोडं पाणी झिरपत होतं, फळ्यांवरून वाहत तुळईकडे जात होतं आणि तुळईच्या खाली ठिबकत होतं. त्या ठिबकीखाली ओळीनं घागरी, डबे, हंडे लावलेले होते. शिरूर अनंतपाळकडची एक बाई, सेंट्रिंगवाल्या एका कामगाराची बायको, भरलेली भांडी उचलून रिकामी ठेवत होती. दुसरी बाई भरलेला हंडा घेऊन कुठंतरी चालली होती. आणि गुत्तेदार स्वतः, गुडघ्यांवर बसून, एकेक घागर सरकवून बरोबर थेंबाखाली आणत होता.

सरकारी टँकरचं पाणी गुत्तेदार बायांकरवी विकतोय, असा मी निष्कर्ष काढला. नाहीतर माणसं हाताशी असताना गुत्तेदार स्वतः घागरी कशाला लावील?

मी त्या बाईला हटकलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इकून राहिलो म्हंता व्हय? सिमिटाचं पानी कोन इकत घेतंय, सांगा की. भांडी घासाया, हातपाय धुवाया होतंय तेवढं. टँकरचं चांगलं पानी मग लेकरांला पेया उरतंय."

"आणि ती हंडा घेऊन गेली ती कोण?"

"जाऊ हाय माझी. तिला बी तोंड हाय धुवाया."

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय आणखी पक्का झाला.

त्यात बल्ल्यांचा प्रकार सुरू झाला. सकाळच्या फेरीत मी एकेक बल्ली हलवून बघायचो. आदल्या संध्याकाळी घट्ट असलेल्या बल्ल्यांतल्या पाच-सहा सकाळी हाताला डुगडुगायच्या. गुत्तेदाराचं गावात एका दुकानाचंही काम चालू होतं, हे मला माहीत होतं. पाचरी हळूहळू सैल करायच्या, एकेक बल्ली काढायची आणि तिकडे लावायची, असा त्याचा बेत असणार. मी त्याला विचारलं.

"जमीन आकसून राहिली साहेब," तो म्हणाला. "उन्हानं. म्या रोज सकाळी पाचर ठोकून राहिलो." त्यानं मला जवळची एक भेग दाखवली आणि तिच्यात मनगटापर्यंत हात घातला.

भेगा तर सगळ्या मराठवाड्यात पडल्या होत्या. मला वाटलं, दुष्काळाचं निमित्त बरं सापडलंय याला. मी वहीत लिहिलं, 'बल्ल्या सैल आढळल्या. गुत्तेदारास तोंडी ताकीद दिली.' खाली सही केली.

सातव्या दिवशी मी लेखी हुकूम काढला. स्लॅबखाली एकही माणूस जायचा नाही, एकही भांडं राहायचं नाही, भोवती दोरी बांधायची. गुत्तेदारसुद्धा माझ्या परवानगीशिवाय आत जाणार नाही. हुकूम नियमाप्रमाणे होता. बायांनी भांडी उचलली, पण शिरूरच्या त्या बाईनं जाताना माझ्याकडे असं पाहिलं की मी वहीत तोंड घातलं.

तासाभरानं गुत्तेदार माझ्या पत्र्याच्या खोलीशी आला. चपला बाहेर काढून उभा राहिला.

"बायांला नका येऊ देऊ साहेब, हाव. त्ये बरोबर हाय. पन भांडी राहू द्या."

"का?"

"पानी बल्लीच्या बुडात पडून राहील. काळी जमीन हाय. कोरडी हाय तवर लोखंड, भिजली की लोनी. म्हनून तं म्या घागरी लावून राहिलो."

मी त्याच्याकडे पाहून हसलो. ते हसू मला आज आठवलं तरी लाज वाटते. "पाण्याची तुम्हाला भलतीच काळजी," मी म्हणालो.

त्यानं बाहेर स्लॅबकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "तुमी शिकलेले साहेब हायत. म्या मातीतला मानूस." मला तो टोमणा वाटला. मी त्याला जायला सांगितलं.

पुढचे दोन दिवस मी फार समाधानात होतो. दोरी जागेवर, आत चिटपाखरू नाही, गेरूचे आकडे बाहेरूनसुद्धा मोजता येत होते आणि बरोबर भरत होते. वरचे वाफे मी स्वतः उभं राहून काठोकाठ भरून घेतले.

दहाव्या दिवशी सकाळी गेलो तर तुळईखालची माती काळीभोर, ओली दिसली. मधल्या बल्ल्यांच्या बुडाशी टाकलेल्या फळ्या मातीत रुतल्या होत्या. तीन बल्ल्या कलल्या होत्या. आणि तुळईच्या मधोमध, केसाएवढी, वरपासून खालपर्यंत गेलेली चीर होती. मी दोरीच्या बाहेर उभा राहून नुसता बघत होतो. कुणाला हाक मारावी तेसुद्धा सुचत नव्हतं.

गुत्तेदार मागून आला. त्यानं एकदा खाली पाहिलं, एकदा वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विळ्यानं दोरी तोडली, कानडीत ओरडून आपल्या माणसांना बाहेरच थांबवलं आणि त्यांच्याकडून लांबरुंद फळ्या व नव्या बल्ल्या आत सरकवून घेत एकटा आत गेला. गुडघ्यावर बसून त्यानं चिखल उपसला, फळी टाकली, बल्ली उभी केली, पाचर ठोकली. दुसरीही लावली. तिसरीसाठी जागा करत असताना जुनी बल्ली बुडातून सटकली आणि तिच्यावरची फळी घेऊन त्याच्या मांडीवर पडली. तो ओरडला नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. स्लॅब जागचा हलला नाही, कारण त्यानं लावलेल्या दोन बल्ल्यांनी तुळई धरून ठेवली होती.

मांडीचं हाड मोडलं. त्याच्या माणसांनी त्याला फळीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

दुपारी उपअभियंता साहेब आले. सगळं पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बायका-पोरांना वेळेवर बाहेर काढलंस म्हणून बरं. नाहीतर आज काय झालं असतं!" आजूबाजूच्या चार जणांनी मान डोलावली. मला त्या क्षणी खरं सांगायचं होतं की त्या बाया आणि त्यांची भांडी आत असती तर माती भिजलीच नसती, आणि सकाळी पाचरी ठोकणाऱ्याला मी अडवलं नसतं तर बल्ल्या कलताना त्याला आदल्याच दिवशी दिसल्या असत्या. मी म्हणालो, "हो साहेब."

मग त्यांनी मला खोलीत नेलं. "अहवाल आजच पाठवायचा. नवा जिल्हा आहे, वरून लगेच विचारणा होईल." आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "भराव न करता बल्ल्या उभ्या राहिल्या, त्या वहीत सही तुझी आहे. नोकरी अजून कायम झालेली नाही तुझी. गुत्तेदाराचं काय, यादीतून नाव जाईल, सरकारी काम मिळणार नाही. तो खासगी करील."

या वयात, मोडक्या मांडीनं, तो खासगी काय करील, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला मुदखेडच्या ओसरीवर बसलेले वडील दिसत होते. 'तरी म्हनलंच होतं' म्हणणारी सगळी तोंडं दिसत होती. मला भीती वाटत होती, याहून मोठं कारण काही नव्हतं.

मी अहवाल लिहिला. गंमत अशी की त्यात खोटं एकही वाक्य नव्हतं. बल्ल्या सैल आढळल्या होत्या. ताकीद दिली होती. स्लॅबखाली जायला लेखी मनाई होती. गुत्तेदार दोरी तोडून, परवानगी न घेता आत शिरला होता. फक्त माती त्यात नव्हती, आणि घागरी नव्हत्या. शेवटी 'सदर घटना गुत्तेदाराच्या निष्काळजीपणामुळे व नियम मोडल्यामुळे घडली' असं लिहिलं आणि त्याखाली 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो खरा आहे' ही ओळ घातली. तिच्याखाली त्याचा अंगठा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो. तो उताणा पडला होता, पायाला दोरीनं विटांचं वजन टांगलेलं. उशाशी शिरूरची ती बाई बसली होती. त्याची बायको उदगीरहून निघाली होती, अजून पोचली नव्हती. बाईनं मला पाहून पदर सावरला.

"या साहेब," तो म्हणाला. "स्लॅब हाय ना?"

"आहे."

"मग झालं."

मी कागद काढला. जबाबावर अंगठा पाहिजे म्हणालो. झटपट वाचावं, सरकारी शब्दांत त्याला फारसं कळणार नाही, असं मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि पोथी ऐकायला बसावं तसा चेहरा केला. "वाचा," म्हणाला.

मी पहिली ओळ वाचली. जागेचं नाव, कामाचं नाव. दुसऱ्या ओळीवर माझी जीभ अडली. मी कागदावरून नजर न काढता बोलायला लागलो, पण जे बोललो ते कागदावर नव्हतं. पाण्याअभावी जोत्यात मुरुमाचा भराव झाला नव्हता, असं मी वाचलं. बल्ल्या काळ्या मातीवर उभ्या केल्या व त्यास ओव्हरसियरनं मान्यता दिली. झिरपणारं पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून गुत्तेदारानं भांडी लावली होती, ती ओव्हरसियरच्या हुकमानं काढण्यात आली. गुत्तेदारानं धोक्याची आगाऊ सूचना दिली होती. प्रसंगी स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यानं इमारत वाचवली. सगळं एका दमात, न अडखळता, चांगल्या सरकारी मराठीत. इतका चांगला अहवाल मी आयुष्यात पुन्हा तयार केला नाही.

त्यानं डोळे उघडले. "घागरीचं बी लिव्हलं?"

"लिहिलंय."

"तुमच्या हुकमाचं बी?"

"हो."

त्याच्या कपाळावर आज विभूती नव्हती. "मग तुमच्या नोकरीला काई धोका तं न्हाई ना? नवी हाय."

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान वळवून बाईकडे पाहिलं. "बग. म्हनलो व्हतो का न्हाई तुला? साहेब शकी हाय, पन खोटा न्हाई."

बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मान खाली घातली. तिला माझ्याबद्दल वाईट बोलल्याचं वाईट वाटत असावं.

मी शाईची डबी उघडली. उताणा असल्यामुळे त्याला कागद नीट दिसत नव्हता. त्यानं डावा हात पुढे केला आणि जागा कुठं आहे ते विचारलं. मी त्याचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि त्या ओळीखाली दाबून धरला.